आचाऱ्याच्या घरचं तेल

आमच्या मुरबाडकडे लग्नाचं जेवण कसं झालं हे जेवणाऱ्याच्या तोंडाला विचारत नाहीत, त्याच्या हाताला विचारतात. हात दोनदा धुतला आणि तरी बोटं ओशट राहिली, की माणूस घरी जाऊन सांगतो, "जेवण एक नंबर होता." हात कोरडा राहिला तर यजमान चिक्कू ठरतो आणि आचारी अडाणी. मी वीस वर्षं या हातांसाठी रांधलं. सिद्धगडाच्या पायथ्यापासून शहापूरच्या पलीकडच्या गावांपर्यंत माझ्या डाळीवरच्या तवंगाचं नाव होतं. माझं नाव किसन. लोक किसन आचारी म्हणतात.

ज्यांना नुकतंच कुणी सांगितलंय की तुमच्या रक्तात चरबी फार झालीय आणि हृदयाला धक्का बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोळ्या-इंजेक्शनांचं डॉक्टर सांगतील, ते त्यांचं काम. मी दहावी नापास माणूस. आमच्या घरात काय झालं तेवढं मी सांगतो, आणि त्यात माझी जी लाज आहे ती झाकत नाही.

बुंदीची सकाळ

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मे महिना, लग्न शहापूर तालुक्यातल्या एका गावात. सकाळी सातला मी बुंदीच्या कढईपुढे होतो आणि माझा जोडीदार धर्मा पाकावर. आम्ही दोघं मिसरूड फुटल्यापासून एकत्र काम करत आलो. तिसरा घाणा काढताना छातीच्या मधोमध कुणीतरी पाटा ठेवला असं वाटलं. घाम सुटला, पण भट्टीपुढे घाम कुणाला सुटत नाही? डावा हात जड झाला. मी म्हटलं, रात्रभर झारा ओढलाय, दुखणारच. ओवा खाल्ला, वर सोडा प्यायलो.

धर्मा म्हणाला, "किसन्या, तुझा तोंड पांढरा पडलाय रे."

"गप बस. तू पाक बघ. गोळी व्हायला लागलीय."

उरलेले चार घाणे मी काढले. हा माझा स्वभाव, तो मी नाकारत नाही. छाती फुटली तर फुटो, बुंदी फुटता कामा नये. शेवटचा झारा ठेवला आणि वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यावर बसलो, तो उठताच येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो. मी मरणार असं मला स्पष्ट वाटलं, आणि पहिला विचार आला तो हा, की यमुनेला कोण सांगणार.

यमुना माझी बायको. ती घरी होती, साठ-सत्तर किलोमीटरवर.

गाडी एकच होती, नवरदेवाची. झेंडूच्या माळा लावलेली जीप. तिच्यातून मला कल्याणला नेलं. दवाखान्याच्या दारात वॉचमन नवरदेव शोधत आत वाकून बघत होता. धर्मा त्याच्यावर खेकसला, "ह्योच नवरा. घे उचलून."

कल्याणचे नऊ दिवस

तरुण डॉक्टरांनी इंजेक्शन देता देता विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी म्हटलं, सातपासून. त्यांनी घड्याळ बघितलं. "इतका वेळ काय करत होतात?" मी खरं ते सांगितलं, बुंदी काढत होतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

अतिदक्षता विभागात दिवस फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग थर्मामीटर, मग बिनसाखरेचा चहा, मग सुई. बेडवरून उतरायचं नाही. ज्याने पाचशे पानांचा भात एकट्याने उपसला त्याला शौचालासुद्धा भांडं द्यायचे. मी पहिल्या दिवशी रडलो तो दुखलं म्हणून नाही, त्या भांड्यामुळे. तिथली एक मावशी होती, तिच्या ते लक्षात आलं. ती पडदा ओढायची आणि बाहेर उभी राहून मोठ्यानं गाणं म्हणायची, म्हणजे मला संकोच नको. तिला मी अजून विसरलेलो नाही.

शेजारच्या बेडवर टिटवाळ्याचे एक निवृत्त मास्तर होते. मला कांदाभज्यांचं पीठ कसं भिजवतात ते विचारायचे. पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर त्या बेडवर धुतलेली चादर होती. मी मास्तरांबद्दल विचारलं नाही. सगळा दिवस मी माझा श्वास मोजत पडून राहिलो.

रक्त न्यायला एक मुलगी येई. एकदा तिने नळी बाजूला उभी करून ठेवली होती, डॉक्टरांनी ती उचलून मला दाखवली. वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग असायला हवा तो दुधाळ होता, पातळ ताकासारखा. "रात्रभर उपाशी असून हे असं," डॉक्टर म्हणाले. "ही सगळी चरबी. पुढच्या वेळी कल्याणपर्यंत पोचालच असं नाही."

सोडायच्या दिवशी त्यांनी यमुनेला विचारलं, "घरी महिन्याला तेल किती आणता?"

यमुनेने विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नाही. "अर्धा किलो. कदी तेवढा पण नाय."

"माणसं किती?"

"आमी दोघा, दोन पोरा."

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. चार माणसांत अर्धा किलो म्हणजे काहीच नाही. मग त्यांनी मला विचारलं, लग्नात जेवता का? मी म्हटलं, नाही साहेब, आचाऱ्याचं पोट वासानंच भरतं, मी घरी येऊन जेवतो. तेही खरंच होतं. वडील कशाने गेले? म्हटलं, सत्तरीत, तापाने. डॉक्टरांनी कपाळ खाजवलं आणि कागदावर लिहिलं, तेल-तूप कमी, गोळ्या चालू.

बघायला येणारे

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी अंडी आणली, कुणी गावठी कोंबडा, कुणी पिशवीभर ग्लुकोजचे पुडे. बसल्या बसल्या प्रत्येकाने एकेका माणसाची गोष्ट सांगितली, जो ॲटॅकनंतर बरा झाला होता आणि मग एके दिवशी पटकन गेला. आजाऱ्याला धीर द्यायची आमच्याकडची ही रीत. सगळे गेल्यावर यमुना ती अंडी पोरांना उकडून घाले.

माझ्या ताटात भाकरी, पालेभाजी, पातळ वरण. फोडणीला चमच्याने मोजून तेल. थोरली संगीता सातवीत होती, ती मी काय खाल्लं ते वहीत लिहून ठेवी. मला ते ताट बघितलं की संताप येई. ज्याच्या हातची चव तालुका वाखाणतो त्याने असलं गिळायचं? एकदा मी ताट भिंतीवर मारलं. यमुनेने ते उचललं, भिंत पुसली आणि दुसरं वाढून आणलं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. चरबी तेवढीच. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, "घरात कुणीतरी लपवतंय."

मी लपवत नव्हतो. मग कोण?

कल्याण-मुरबाड एसटीत, भरल्या गाडीत, मी यमुनेला म्हणालो, "तू मला मारायला निघालीस काय गो?"

पुढच्या सीटवरच्या बाया वळून बघायला लागल्या. मुरबाडला उतरून यमुनेने माझ्या गोळ्या घेतल्या, पिशवीत नीट ठेवल्या, आणि गावच्या जीपमध्ये जाऊन बसली. चार दिवस ती माझ्याशी संगीतामार्फत बोलत होती. "बाबांना सांग, गोळी घ्या."

आहाराच्या बाई

मग डॉक्टरांनी आम्हाला त्याच दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी तेल किती आणता ते विचारलंच नाही. त्यांनी यमुनेला विचारलं, "काल डाळीला फोडणी दिलीत ते तेल कुठून आलं?"

यमुना म्हणाली, "लग्नातला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

हे मी सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानाने सांगितलं. आमच्याकडे लग्नात तळण वनस्पती तुपात होतं, घरी आम्ही त्यालाच तेल म्हणतो; तळण संपलं की कढईत जे उरतं ते आचाऱ्याचं. हे कुणी ठरवलेलं नाही, भटजीचा नारळ तसा आचाऱ्याचा डबा. निवलं की फडक्याने गाळायचं, रिकाम्या डब्यात ओतायचं, आणि यजमान स्वतः तो डबा जीपमध्ये आचाऱ्याच्या पायाशी ठेवतो. एका मोसमात इतके डबे येत की आमचं वर्ष निघे. विकत आणायचं ते देवाच्या दिव्याला आणि पोरांच्या डोक्याला. त्याचाच तो अर्धा किलो.

"त्यात काय काय तळलेलं असतं?"

"आधी पुऱ्या, मग बुंदी, शेवटी भजी."

"आणि घरी?"

"घरी पापड, कुरडया. मग फोडणीला," यमुना म्हणाली.

मग बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. हे डब्यातलं वनस्पती तूप, जे थंडीत दगडासारखं थिजतं, ते ताजं असतानाच रक्तवाहिन्यांना वाईट. तापवून तापवून आणखी वाईट. "झाडपाल्याचं असतं, म्हणून गाईच्या तुपापेक्षा बरं असं वाटतं ना तुम्हाला?" वाटत होतंच. डब्यावर झाडाचं चित्र होतं. "कढईच्या कडेला तपकिरी चिकट थर धरतो, तो कशाने काढता?"

"राखेने. नाय निघाला तर विटेने," यमुना म्हणाली.

"छातीत वीट घालता येत नाही," बाई म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी विचारलं, "चव घेता का कामावर?" म्हटलं, घेतो की. चव घेणं म्हणजे काय खाणं नव्हे. त्या म्हणाल्या, कशी घेता दाखवा. मी तळहाताची वाटी करून दाखवली, वरचा तवंग बाजूला न करता घ्यायचा, नाहीतर मीठ कळत नाही. दिवसातून किती वेळा? मी मनात मोजायला लागलो, डाळीचे टोप, भाज्या, मसाला परतताना, आणि तीसच्या पुढे गेल्यावर थांबलो.

बाईंनी खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, नाव काढलं. आमच्या भात न होणाऱ्या वरकस उतारावर खुरासणी पूर्वी सगळेच पेरत. घाण्यावर काढलेलं ते तेल थोडं थोडं वापरा, मासे खा, शेंगदाणे मूठभर, असं त्या म्हणाल्या. फुकटचा डबा यायला लागल्यापासून आम्ही खुरासणी पेरायची सोडली होती.

म्हणजे यमुनेने काहीच लपवलं नव्हतं. भरल्या एसटीत मी तिला जे बोललो त्याची माफी मागायला हवी होती. मला मागता आली नाही. मुरबाड स्टँडवर मी तिला गरम भजी घेऊन दिली. मी खाल्ली नाहीत. तिने सगळी खाल्ली, आणि पुडक्याचा कागद चुरगळताना पहिल्यांदा हसली.

दोन कढया

त्या वर्षी आम्ही वरच्या तुकड्यात खुरासणी पेरली. माझं तेल वेगळं झालं. पण डबे यायचे थांबले नाहीत, कारण पुढच्या मोसमात मी कामाला परत गेलो होतो. उभा राहून सांगायचो, झारा धर्मा धरायचा, चव तिसराच घ्यायचा. डबा मला नाकारता आला असता. पण यजमानाने पायाशी ठेवलेला डबा परत करायचा म्हणजे त्याचा अपमान, आणि अपमान झालेला माणूस पुढच्या लग्नाला दुसरा आचारी बघतो.

घरी आणला तर यमुना म्हणाली, "टाकायचा कसा? अन्न हाय ता. तुमचा तुमाला वेगळा करते."

मग चुलीवर दोन कढया चढू लागल्या. एक छोटी, माझी. एक मोठी, बाकीच्यांची. आधी माझी फोडणी, मग ती त्यांच्या कढईत डब्यातला गोळा टाके. मी समोर ओट्यावर बसलेला असे. चार वर्षं मी ते रोज बघितलं.

संगीताने एकदा विचारलं, "बाबा, तो तेल वाईट हाय, तर आई कशी खाते?"

मी म्हटलं, "आईला काय झालाय? आई धडधाकट हाय."

संगीताने मग तिच्यापुरतं आणि धाकट्यापुरतं माझ्या कढईतलं घ्यायला सुरुवात केली. पोर हट्टी निघाली, माझ्यावर गेली. मोठ्या कढईत खाणारी एकटी यमुना उरली. टाकवत नाही म्हणून ती खात होती, आणि मला तोंड उघडायला काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. घरात माझं काही वेगळं आहे, माझी काळजी घेतली जातेय, याचं सुख होतं.

माझे रिपोर्ट सुधारले. यमुना फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवी आणि आल्यागेल्याला म्हणे, "दाखवा की तुमचा कागद."

आवणी

पाचव्या पावसाळ्यात, भाताची रोपं लावायच्या आवणीत, यमुना म्हणू लागली की दोन्ही खांद्यांच्या मधे दुखतं. वाकून वाकून कुणाचं दुखत नाही? मग म्हणाली, दाढ दुखते. मी म्हटलं, लवंग धर. रोपांची जुडी घेऊन बांध चढताना तिला धाप लागायची, ती अर्ध्यावर थांबून लांब बघितल्यासारखं करायची. मी तिच्या पाठीला तेल चोळून दिलं. मी, नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढलेला माणूस. छातीत दुखतंय असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी त्या शब्दाची वाट बघत होतो.

एके दिवशी सकाळी शेतावर तिला उलटी झाली. बांधावर बसली आणि म्हणाली, "जरा पडते." मी हात धरला तर बर्फ. पावसातसुद्धा कपाळावरचा घाम वेगळा दिसत होता. तेव्हा मला कळलं, आणि मी शेजारच्या शेतातल्या पोराला धर्माकडे पिटाळलं.

धर्मा जीप घेऊन येईपर्यंत मी घरी धावलो, फळीवरची फाईल आणि गोळ्यांची डबी उचलली. परत येऊन माझी जिभेखालची गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. ती म्हणाली, "तुमची गोली? मंग तुमाला?"

मी म्हटलं, "बोलू नको गो."

मुरबाडच्या डॉक्टरांनी बघितलं आणि थेट कल्याणला पाठवलं. घाटासारखा लांब वाटला तो सपाट रस्ता. कल्याणला तिला आत घेतलं आणि डॉक्टरांनी मला विचारलं, "जुने कागद?"

मी फाईल पुढे केली. त्यांनी भराभर पानं उलटली, चार वर्षांचे रिपोर्ट, सगळे ओळीने लावलेले. मग थांबले.

"हे कुणाचं? किसन कोण?"

"मी."

"यांचे कागद कुठायत?"

नव्हते. "यांचं रक्त कधी तपासलंय?" मी आठवायचा प्रयत्न केला. धाकट्याच्या बाळंतपणात, एवढंच आठवलं. डॉक्टरांनी फाईल मिटून माझ्या हातात परत दिली.

दुपारी यमुना गेली. तिचं वय एकोणचाळीस.

आता

डॉक्टर म्हणाले, केवळ तेलाने असं होतं असं म्हणता येत नाही, अनेक कारणं असतात. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील किंवा खरंही असेल. मी त्याच्याआड लपत नाही. दोन कढया मला दिसत होत्या.

पोरांचं रक्त तपासून घेतलं. संगीताचं थोडं जास्त निघालं, आता उतरलंय. मी अजून कामाला जातो, पण तळण संपलं की सगळ्यांसमोर कढईतलं उरलेलं खड्ड्यात ओततो आणि वर माती लोटतो. यजमानांची तोंडं वाकडी होतात. एकजण म्हणाला, "अन्नाला लाथ मारतोस, किसन." बोलावणी कमी झाली. धर्मासुद्धा वर्षभर रुसला होता.

तुम्ही आजारी असाल तर तुमच्यासाठी मोजून तेल घालणारं, ताट भिंतीवरून पुसणारं कुणीतरी घरात असेलच. पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा त्या माणसालाही शेजारच्या खुर्चीत बसवा. ती नको म्हणेल. मला काय झालाय, म्हणेल. ऐकू नका.

गेल्या वर्षी मी तपासायला गेलो तेव्हा जुने डॉक्टर नव्हते, नवीन होते. त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले, खूश झाले. म्हणाले, "छान काळजी घेतलीत हो."

मी म्हटलं, "मी नाय घेतली, साहेब. बायकोने घेतली. यमुना नाव."

"वा," ते पुढचा कागद लिहिता लिहिता म्हणाले. "मग पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन या. एकदा त्यांचंही रक्त बघून टाकू."

मी "बरं" म्हणालो.